रायफल मीच मागवली आणि ती परत जाणार नाही

चि. रेइनो यास थोरल्या बहिणीचे, आयलीचे, आशीर्वाद. (मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे. पण राग आणि आशीर्वाद मी एका डब्यात ठेवत नाही.)

इकडे मिशिगनात सगळं ठीक. एप्रिल उजाडला तरी सरोवरावर बर्फ आहे, सौनाच्या वाफेच्या न्हाणीघरातली चूल धूर ओकते आणि माझा गुडघा हवामान खात्याच्या आधी वादळाची वर्दी देतो. तिकडे ऍरिझोनात तुझ्या पाठीला ऊन मिळतंय ना? मीठ कमी केलंस? पित्ताच्या गोळ्या घेतोस? बरं. चौकशी झाली, आता भांडायला मोकळी.

होय, मी रायफल मागवली. विंचेस्टर बावन्न, शाळेत आम्हा मुलींच्या संघाकडे होती तसलीच, माझ्याहून वयाने मोठी. सत्त्याहत्तराव्या वर्षी बायका चिनी मातीच्या मांजरी जमवतात, असं तू फोनवर म्हणालास. माझ्याकडे मांजर आहे. खरी आहे आणि तेवढाच ताप मला पुरतो. तू तेव्हा अर्ध्या चड्डीत होतास, म्हणून सांगते. शाळेच्या तळघरात, बॉयलरशेजारी, आम्ही चौघी पोटावर पालथ्या पडून नेम धरायचो. त्या वर्षी आम्ही मुलांच्या संघाला हरवलं आणि पुढच्याच वर्षी मुलींचा संघ बंद झाला. हेडमास्तर म्हणाले, मुलींना शोभत नाही. (हरवेपर्यंत शोभत होतं.) मुलांचे चषक अजून काचेच्या कपाटात आहेत. आमच्या रायफली विकून टाकल्या, कुणाला ते देव जाणे. तेव्हापासून मला ती हवी होती. मग वेइक्कोशी लग्न झालं, पोरं झाली, मग त्याचं आजारपण आलं, मग वेइक्को गेला. आता घरात मी आणि मांजर, आणि मांजरीची काही हरकत नाही.

दुकान मोंटानात आहे, जुन्या बंदुकांचं. दुकानाला फोन करायचा म्हटल्यावर मी तयारीनिशी बसले, कारण मागे फ्रीजवाल्यांना फोन केला होता तेव्हा त्यांचं संगीत ऐकता ऐकता माझा अख्खा पायमोजा विणून झाला होता. या वेळी मी स्वेटरची लोकर घेऊन बसले, पाठीला उशी, शेजारी कॉफी, वेलचीचा पाव आणि मनात चार जळजळीत वाक्यं पाठ. आणि काय सांगू, लगेच कुणीतरी फोन उचलला! जिवंत बाई! ग्लेना नावाची. माझा पहिला टाकासुद्धा पडला नव्हता. मी इतकी गोंधळले की पाठ केलेल्यातलं पहिलं वाक्य तिला ऐकवूनच टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, मिसेस कांगास. पण आमची चूक व्हायला आधी तुम्ही काहीतरी मागवायला हवं."

मग तिने भिंतीवर लावायची की चालवायची ते विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. तिने माझे हात केवढे आहेत ते विचारलं, दस्ता खांद्याला कसा बसेल ते समजावलं, आणि त्यांच्या जाहिरातीच्या चित्रात जी रायफल होती तिच्या दस्त्यावर नंतर कुणीतरी पॉलिश चढवलंय, म्हणून ती मला देणारच नाही म्हणाली. "दिसते छान, पण मूळची राहिलेली नाही. दुसरी येतेय, थोडी खरचटलेली, पण अस्सल. थांबाल?" स्वतःच्या मालाची स्वतः निंदा करणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला, म्हणजे ऐकला. थांबले. ती रायफल आल्यावर ग्लेनाने प्रत्येक ओरखड्याचा फोटो पाठवला, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे ओरखडा केवढा ते कळावं. माझ्या लग्नाच्या वेळी वेइक्कोच्या आईने मला एवढी प्रामाणिक माहिती दिली असती तर!

आता तुझ्यावर येते. तुला वाटलं मला कळणार नाही? ग्लेनाने त्याच दिवशी फोन केला. "मिसेस कांगास, एका गृहस्थांचा फोन होता, तुमचे भाऊ म्हणाले. तुमचं डोकं ताळ्यावर नाही, ऑर्डर रद्द करा म्हणाले. कोणती रायफल, असं मी विचारलं, तर म्हणाले, तपकिरी." रेइनो! जन्मभर विमा विकलास आणि तुला एवढंच सांगता आलं? तपकिरी?

मी हसत सुटले, पण ती हसली नाही. म्हणाली, "मी त्यांना सांगितलं की गिऱ्हाईक तुम्ही आहात, तुमच्याशीच बोलेन. पण त्यांनी ते म्हटलंय, म्हणून विचारणं मला भाग आहे. तुम्ही बऱ्या आहात ना? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात नाही ना?"

आधी मला संताप आला. मग लक्षात आलं की वेइक्कोला पुरल्यापासून हा प्रश्न इतका सरळ मला कुणी विचारलेलाच नाही. सगळे जेवणाचे डबे आणून देतात आणि हवेबद्दल बोलतात. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, बाई, इकडच्या मार्चमध्ये कुठलीही विधवा असते तेवढी मी उदास आहे. पण मरायचं नाही मला, मला ठिपक्याच्या मधोमध नेम लावून दहा गुण मिळवायचे आहेत. मग ते तळघर, तो बॉयलर, हेडमास्तर, सगळं तिच्यापुढे ओतलं.  शेवटी ती एवढंच म्हणाली, "उद्याच्या टपालाने पाठवते. हेडमास्तर हयात आहेत का? नाही, सहज विचारलं."

अशी बंदूक घरपोच येत नाही, गावातल्या परवानेवाल्या दुकानात येते, म्हणजे आपल्या वेंडेलच्या हार्डवेअरमध्ये. तिथे कॉफीच्या भांड्याभोवती बसलेलं रिकामटेकडं मंडळ तू जाणतोसच. माझ्याबद्दलची सरकारी चौकशी आटोपून खोकं उघडेपर्यंत सगळे माझ्या खांद्यावरून डोकावत होते. एक म्हणाला, "काय आयलीबाई, अस्वल त्रास देतंय का?" मी म्हटलं, "अस्वल नाही रे, कॉफीला जमणारे त्रास देतात." खोक्यात रायफलीबरोबर चामड्याचा पट्टा होता, माझ्या आखूड हातांच्या मापाने कापून नवीन भोकं पाडलेला. मी मागितला नव्हता. तिथे सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले, आणि मी वेंडेलच्या खतांच्या पोत्यांना दोष दिला.

रविवारी क्लबच्या मैदानावर गेले. शेजारच्या पट्ट्यात वेंडेल. पालथी पडले (पडणं सोपं गेलं, उठवायला दोघे लागले), श्वास सोडला आणि पाच गोळ्या झाडल्या. निशाणाचे कागद आणायला गेलो. पाचही भोकं कॉफीच्या बशीत मावतील अशी, काळ्या ठिपक्याला लगटून. फक्त कागद वेंडेलचा होता. माझा कोरा करकरीत. मंडळ अजून हसतंय. हसू दे. हात विसरलेले नाहीत, एवढं सिद्ध झालं.

तेव्हा पुन्हा सांगते, रायफल घरी आहे, कपाटात कुलपात आहे आणि परत जाणार नाही. मला तुझा सल्ला नको, शेजारच्या इर्माचे डबे नकोत, कुणाची मदत नको. माझं मी बघायला समर्थ आहे.

तुझी (डोकं ताळ्यावर असलेली) बहीण,
आयली

ता.क. ग्लेनाने आणखी एक सांगितलं होतं, ते मी रागाच्या भरात वर लिहिलं नाही. फोन ठेवण्याआधी तू तिला विचारलंस म्हणे की ही रायफल खांद्याला मागे धक्का देते का, कारण परवाच्या हिवाळ्यात बहिणीचा खांदा मोडला होता. नाही देत, अगदी हलका. तू काळजी करू नकोस.

ता.ता.क. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, वेंडेलचा कागद मला माझा वाटला तो मोतीबिंदूमुळे, दोन्ही डोळ्यांत पिकलाय. हॅनकॉकच्या दवाखान्यात मे महिन्यात ऑपरेशन. घरी नेऊन आठवडाभर सोबत राहणारं माणूस असल्याशिवाय हात लावणार नाहीत म्हणतात. मांजर चालत नाही, विचारून पाहिलं. ऑगस्टात क्लबची स्पर्धा आहे, तेव्हा उशीर नको. विमानाचं तिकीट काढ. जाड स्वेटर आण. गाडी तू चालवायची, बोलायचं मी.