परत न आलेला रंग

३ मार्च

ती. आत्यास,
ठमीचा वाकून नमस्कार.

घरी सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे.

मी हादरले आहे. उन्हावर वीज करणाऱ्या सौरघटासाठीच्या पॉलिमरचा पापुद्रा दोन हिऱ्यांच्या चिमटीत दाबला. तुझ्या संशोधनाच्या पेपरात आहे तसंच झालं. दाब वाढला तसा जांभळा रंग काळवंडत गेला. पण दाब काढल्यावर रंग पूर्ण परततो, असं तू लिहिलं आहेस. माझा परतला नाही गं! डोळ्यांना परतल्यासारखा वाटतो, पण यंत्रावर मोजला की थोडा मागे राहतोच. माझे गाइड म्हणतात, हे छापायलाच हवं, कारखाने हे पापुद्रे दाबूनच चिकटवतात, त्यांना कळायला हवं. आम्ही सगळे ज्या पेपरावर शिकलो तोच खोडायचा, आणि तोही आत्याचा? माझा हात धजत नाही. तूच सांग.

लोभ हे वाचूनही राहू दे.
तुझी ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, थोडे रागातच.

पत्र वाचलं नि मटकन खाली बसले. तुझ्या काकांना वाटलं, कुणी गेलं. आयुष्यात एकच पेपर लिहिला मी, आणि त्यावर घरचीच पोर उठली! तुला मनात भरपूर शिव्या घातल्या.

आता ऐक. तुझ्या मालात भेसळ असेल. माझ्या वेळच्या पॉलिमरची शेवटची कुपी कपाटात जपली होती, ती पाठवते आहे. तो रंग परतला, तर कान पकड. नाही परतला, तर माझी भीड धरू नकोस.

तुझी आत्या

२१ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. कसं लिहू कळत नाही.

तुझाही परतला नाही. रोज मोजलं, वाट पाहिली, तसूभर हलला नाही. गाइड म्हणाले, इतका बारीक फरक तेव्हाच्या यंत्राला दिसणंच शक्य नव्हतं. मला त्याने बरं वाटलं नाही. कुपीही संपली. मी सगळ्यांदेखत रडले.

रागावलीस तरी तुझीच,
ठमी

२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, या वेळी रागाशिवाय.

धक्का ओसरलेला नाही, खोटं कशाला बोलू? दरवर्षी वर्गात तोऱ्यात सांगत आले, रंग परततो म्हणून. काल वर्गात शिरताच खडू हातात घेतला. मग पोरांना सांगितलं, मागच्या तासाचं खोडा, माझं चुकलं. एकीने विचारलं, हे शोधलं कुणी? माझ्या भाचीने, म्हणाले, आणि आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

छापून टाक. आणि कुपी रिकामी असली तरी परत पाठव, मला हवी आहे.

लोभ होता तेवढाच आहे, उगाच मोजू नकोस.
तुझी आत्या