रीगनांच्या बारा गाई

साउथहॅम्प्टन, रविवार

तीर्थरूप सुमनअक्का,

धाकट्या कमलाकरचा वाकून नमस्कार (गुडघा बदललाय, तरी वाकून). तुझी शुगर आता कशी आहे? इथे सगळे मजेत. मी मात्र भर साखरपुड्यात तोंडावर आपटलो, आणि तरी इतका खूश आहे की कधी एकदा तुला सांगतो असं झालंय.

आमच्या वरदाचं डेक्लनशी लग्न ठरलं तेव्हा तू फोनवर एवढंच विचारलंस, "मुलाचं घराणं कुठलं?" ते कळेपर्यंत लग्नाला येणार नाही म्हणालीस. चाळीस वर्षं कुळ-गोत्राविरुद्ध व्याख्यानं झोडणारा तुझा भाऊ, अक्का, दुसऱ्याच दिवशी रीगनांची वंशावळ काढायला बसला! तुझ्यासाठी म्हणून सुरू केलं आणि मलाच नाद लागला. आयर्लंडमधले चर्चचे दाखले, जमिनींच्या याद्या, काही सोडलं नाही. डेक्लनच्या खापरपणजोबांचं नाव पॅट्रिक डॅनियल रीगन. म्हणजे बाप डॅनियल, त्यात शोधायचं काय? शेजारच्या गावात एक डॅनियल रीगन मिळालाही. त्याचं बोट धरून मी पिढ्यामागून पिढ्या मागे जात थेट सोळाशे एक्केचाळीसच्या बंडात पोचलो, तर समोर ओवेन रीगन, इंग्रजांवर तलवार उपसलेला. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग साखरपुड्यात भाषण केलं. चाळीस मिनिटं. साम्राज्य, स्वातंत्र्य, ओवेनचं रक्त. मनीषा माझा कोट ओढत होती (आमचं लग्न झाल्यापासून ती प्रत्येक भाषणात ओढते, म्हणून लक्ष दिलं नाही). शेवटी डेक्लनची आजी नोराबाई, वय शहाऐंशी, शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, डॅनियल हे बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाव. पॅट्रिकच्या वडलांचं नाव मायकेल."

अगं, यांच्यात मधलं नाव बापाचं नसतंच! अठ्ठावीस वर्षं इथल्या पेशंटांची नावं लिहितोय, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. यांचा खरा मूळपुरुष टीग. त्यानेही त्याच बंडात नाव काढलं: ओवेनच्या बारा गाई पळवल्या. घरात लहानथोर सगळ्यांना हे पाठ. हॉल हसून लोळला, मीही लोळलो. पण पुन्हा उठलो आणि ठणकावून सांगितलं, की जे घर चारशे वर्षांपूर्वीची चोरी हसत हसत सांगतं, त्या घराकडे आणखी कुठलाही दाखला मागायची माझी हिंमत नाही. तर हे त्यांचं घराणं, अक्का. मला पसंत आहे.

तुझा,
कमलाकर

ता. क. निघताना नोराबाईंनी विचारलं, "आणि तुमचे लोक कोण?" मला श्राद्धात घेतात ती तीनच नावं आली, वडील, आजोबा, पणजोबा. पुढे गप्प. मी, गप्प! आपली वंशावळ तुझ्या कपाटात आहे. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. व्हिसाचे कागद सोबत जोडलेत.

आणखी एक. ज्या पूर्वजाचं नाव निघालं की अण्णा विषय बदलायचे, त्याच्यावर येण्याआधी काट मारू नकोस. नोराबाईंना मी शब्द देऊन बसलोय, की आमच्याकडेही निदान एखादी म्हैस निघेल.