हळदीचा धवला

सुकापूर, पनवेल

प्रिय वहिनी,

हे तुला द्यायचं धैर्य नाही, म्हणून वहीतच ठेवतेय.

त्या मंगळवारी तुझ्या भाविकाला रक्त चढवायचं होतं आणि नर्सला शीर सापडत नव्हती. दादाने भाविकाचा हात धरला होता. तू नेहमीसारखा हळदीचा धवला, लग्नात बायका म्हणतात तो, गात होतीस. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून डॉक्टरांशी मीच बोलत होते. मला तुझी लाज वाटली.

"वहिनी, हे हॉस्पिटल आहे, लग्नाचा मांडव नाही," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

तू गाणं मध्येच थांबवलंस. दादाचे हात कापायला लागले आणि तो बाहेर निघून गेला.

घरी मी त्याला विचारलं, सहा वर्षांच्या आजारी पोरीला लग्नाची गाणी कशाला?

"ती हलद गाते तवा मना पोर मोठी झालेली दिसते," तो म्हणाला. "तवाच माजा हात कापायचा थांबतो गो."

तेव्हापासून तू गात नाहीस आणि सुई टोचताना दादा आत येत नाही.

काल सुई टोचताना भाविकाचा हात मी धरला. धवला म्हणायला गेले, तर दुसरी ओळच येईना. मी तो कधी शिकलेच नाही.

"आते, चुकलीस," भाविका रडता रडता म्हणाली आणि तुझ्याकडे बघत राहिली.

तू खिडकीकडे तोंड फिरवलंस.

तुझी अपराधी नणंद,
हेतल