तेजलच्या नावाची ओ

कान्हे,
ता. १२ सप्टेंबर २०२५

चि. तेजल,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. भात पोटरीला आलाय. तू तुझ्या दादाचा आणि माझा, दोघांचेही नंबर ब्लॉक करून ठेवलेस, म्हणून हे पत्र उर्स्याला माहेरी निघालेल्या भागुबाई मावशींच्या हाती देते आहे. त्यांना चहा तरी विचार.

तुझ्या आईपुढे मी हात टेकले. शेजारच्या बाजीरावकाकांच्या मोबाइलवर कुणीतरी धाडलं, 'गुरुवारी मावळात मोठा भूकंप'. भूकंपाचा दिवस आधी सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे सांगून सांगून तुझा दादा थकला. आई कुठल्या ऐकायला. गुरुवार कोरडा गेला, तरी भूकंपाची तालीम म्हणून त्या रोज ताट वाजवतात. ताट वाजलं की हातातलं टाकून अंगणातल्या जांभळाखाली पळायचं आणि त्या नाव घेतील तशी ओ द्यायची. या आठवड्यात दोनदा वरण करपलं.

त्यांचं भय मला कळतं. लहानपणी किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या घरचे बाहेर पडले, पण कुणी मोजलं नाही, आणि धाकटी बहीण आत राहिली. म्हणून हे मोजणं. त्याचा मला राग नाही.

राग पुढच्याचा आहे. "राजेंद्र." ओ. "रुपाली." ओ. "तेजल." तिथे सगळं अडतं. उर्स्यात नांदणाऱ्या मुलीची ओ कान्ह्यात कुठून यायची? पण ओ मिळेपर्यंत त्या कुणाला घरात पाऊल टाकू देत नाहीत. स्वतःच्या मनाने लग्न केलंस म्हणून "तू आमाला मेलीस" सांगून ज्या बाईने तुला उंबऱ्यावरून परत पाठवलं, तीच पावसात भिजत तुझं नाव घेत उभी. शेवटी मीच बारीक आवाज काढून तुझ्या नावाने ओ देऊ लागले. त्यांना सगळं कळतं. तरी ओ ऐकून आत जातात.

मंगळवारी मात्र जमीन खरंच हलली. किरकोळच, फळीवरची भांडी वाजली. आम्ही जांभळाखाली पळालो, नावं सुरू झाली. तुझं नाव आलं तशी मी ओ दिली.

"तू न्हवं," त्या म्हणाल्या. "माजी पोरगी कुटं हाय? आत ऱ्हायली ती."

दादा धरेपर्यंत त्या घराकडे धावल्या आणि उंबऱ्याला ठेचकाळून पडल्या. उजवं मनगट मोडलं. कामशेतला नेऊन प्लास्टर घातलं. ताट आता डाव्या हाताने वाजतं.

पुढच्या वेळी भिंती उभ्या राहतीलच असं नाही, तेजल. त्या तुला शोधायला आत जाणार, दादा त्यांच्यामागे जाणार, आणि मी जांभळाखाली उभी राहून कुणाकुणाची ओ देऊ? त्या बोलावणं धाडणार नाहीत. तूही तशीच, मायलेकी एकाच माळेचे मणी. तुमच्या दोघींचा मला वीट आलाय.

भूकंप कधी येणार हे कुणालाच सांगता येत नाही. तू कधी येणार ते तरी कळव. येऊन भांड हवी तेवढी. पण जांभळाखाली उभी राहून तुझी ओ एकदा तू दे.

तुझ्या नावाने ओ देऊन घसा बसलेली,
तुझी वहिनी
रुपाली