निरुपद्रवी माश्यांचा फलक आजच्या आज काढण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग.

विषय: वसाहतीच्या बागेतील माश्यांविषयीचा फलक, त्याच्या खांबासकट, तातडीने हटविणेबाबत.
संदर्भ: ‘फलक सुस्थितीत आहे’ असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

या प्रकरणात कोणाला काय मिळणार होते ते आधी मांडतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आमच्या वसाहतीच्या सेक्रेटरींना बाग बंद झाल्यास दुसरी मोटार उभी करायला जागा मिळणार होती. ते हे बोलले नाहीत, पण कुंपणाजवळ पावले टाकून लांबी मोजताना त्यांना सगळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतरच त्यांनी आपल्याकडे तक्रार केली की बागेत गांधीलमाश्यांचा सुळसुळाट झाला आहे आणि मुलांच्या जिवाला धोका आहे.

आपण तज्ज्ञ पाठविलेत. त्यांनी फुलांवरच्या माश्या पाहून सांगितले की या गांधीलमाश्या नव्हेत. पिवळे-काळे पट्टे तसेच असले तरी यांना नांगी नाही, या हवेत एका जागी थबकून राहतात आणि झाडांवरचा मावा खाणारी अळी यांचीच. सोंग वाघाचे, जीव गरिबाचा. ते खरेच होते. मी घड्याळे दुरुस्त करतो. भिंग लावून मीही खात्री करून घेतली. सेक्रेटरींचे हसे झाले आणि आपण बाकाशेजारी फलक लावलात: ‘येथील पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या निरुपद्रवी आहेत. घाबरू नये. मारू नये.’

फलकाचा खांब म्हणजे लोखंडी पाइप. वरचे तोंड उघडे. उन्हाळ्यात त्यात गांधीलमाश्यांनी घर केले. या वेळी खऱ्या. कंबर दोऱ्याएवढी, उडताना पाय खाली लोंबणारे. खांबाला कान लावला तर आत दळण चालल्यासारखा आवाज येतो.

हे सर्वांत आधी सेक्रेटरींनाच दिसले, आणि इथून त्यांचे दिवस फिरले. ते दारोदार सांगत सुटले, लोक म्हणाले, “साहेब, तिसरी मोटार घेताय की काय?” त्यांनी आपल्याकडे अर्ज केला, आपण नमुना मागितलात. खांबाच्या तोंडाशी हात न्यायची त्यांची छाती होईना, म्हणून त्यांनी चहाच्या गाळणीने फुलावरची एक माशी धरून पाठविली. गाळणीत सापडते ती गरीबच. अहवाल आला: ‘निरुपद्रवी. सबब फलक योग्य.’

सेक्रेटरींच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणत असू, रोज त्याच बाकावर बसत. लेकाने त्यांना विनवले, “आई, तिथं बसू नकोस गं, या खऱ्या आहेत.” आजी माझ्यादेखत म्हणाल्या, “तुझा डोळा जागेवर आहे रे, माशीवर नाही. सरकारनं लिहिलंय ते खोटं, आणि तू खरा होय?” आणि उठताना आधाराला त्यांनी खांबच धरला. खांब हलला.

पुढचे आपणांस कळविले आहेच. माश्या डसल्या, आजींचा गळा सुजला. दवाखान्याची गाडी आली तेव्हा सेक्रेटरी आईचे डोके मांडीवर घेऊन, “घाबरू नकोस, घाबरू नकोस,” म्हणत होते. मागे फलकावरही तेच लिहिलेले होते. यावर आपले उत्तर असे की मृत्यूच्या दाखल्यात ‘श्वास कोंडून’ एवढेच नमूद आहे, माशीचा उल्लेख नाही. आणि फलक हटविण्यास नवा नमुना लागेल.

महोदय, माझी नात नुकतीच वाचायला शिकली आहे. दिसेल ती पाटी अक्षरांवर बोट ठेवून वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. हा फलक तिच्या उंचीचा आहे. काल मी तिला दंडाला धरून मागे ओढले, तर मलाच म्हणाली, “आजोबा, तुम्हाला वाचता येत नाही का? घाबरू नये.” उद्यापासून शाळेला सुट्टी आहे. वसाहतीत वाचता येणारी मुले पुष्कळ आहेत, आणि खांबातला आवाज वाढतो आहे.

तरी फलक आजच काढावा, ही विनंती. आजवरचा हिशेब असा: सेक्रेटरींना जागा मिळाली नाही, आता ते ती मागतही नाहीत, दार लावून बसतात. आपले प्रकरण दोनदा निकाली निघाले. माश्यांना अभय मिळाले, दोन्ही जातींना. किंमत तेवढी आजींनी चुकती केली, आणि यात त्यांना काहीच मिळणार नव्हते.

आपला नम्र, पण नातीला आज घरात कोंडून आलेला,
बागेसमोरचा घड्याळजी

दिनांक: आजचाच.

सोबत:
१. आजींच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२. आपण मागितलेला नवा नमुना. या वेळी फुलावरून नव्हे, खांबाच्या तोंडाला बरणी लावून धरला आहे. जिवंत आहे. फलकावर आपला विश्वास असल्यास झाकण उघडावे.