लेकुरवाळ्यांचा फोटो

मी, हौसराव म्हस्कू टेंगले, धंदा फोटोग्राफर, राहणार दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे जुने आहे, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी मुलगी धुरपदा कालपासून सांगते आहे की, आप्पा, हे लिहू नका.

पुढील सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित फक्त मेंढरे होती, ती भावांनी नेली. मी स्टेशनात हमाली करत असताना देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या गार्डाने मला कॅमेरा विकला व तो चालवायलाही शिकवले. त्यावर मी घर आणि दुकान उभे केले.

कलम पहिले. स्टेशन रस्त्यावरील 'टेंगले फोटो स्टुडिओ' हे दुकान, कॅमेरे, डार्करूमचे सामान, फ्लॅश, त्याची खांद्याला अडकवायची बॅटरीची पेटी व लांब वायर, हे सर्व धुरपदाचे.

कारण लिहितो. खेड्यावर कुटुंबाचा फोटो अंगणात काढावा लागतो. माणसे उन्हाकडे तोंड करून बसवली तर डोळे मिचकावतात. पाठ करून बसवली तर तोंडे काळी पडतात, आणि पागोट्याखाली नुसती सावली दिसते. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता कोणीतरी बाजूला उभे राहून डोक्याच्या वर धरावा लागतो. मग म्हाताऱ्याच्या सुरकुत्यासुद्धा उठून येतात. हे काम मी आधी माझा मुलगा चांगदेव यास सांगितले. त्याला चारचौघांत दिवा धरून उभे राहण्याची लाज वाटे. धुरपदाने तो आपणहून हातात घेतला, आणि कुठे धरायचा हे तिला कधी सांगावे लागले नाही.

कलम दुसरे. दौंड येथील राहते घर, परसातील नळासह, धुरपदाचे. चांगदेव यास त्यात हिस्सा नाही. त्याने मागू नये. मागितल्यास हे कलम कोर्टात मोठ्याने वाचावे.

धुरपदा कवठे येमाईच्या तात्याबांच्या घरी दिली होती, त्यांच्या खंडूला. त्याच मांडवात तात्याबांची मुलगी गिता चांगदेवला केली. असे साटेलोटे आमच्यात चालते. दोन्ही घरे एकमेकांच्या मुली नीट वागवतील, अशी समजूत असते. गिताला मुलगा झाला. धुरपदाला काही झाले नाही.

एका सुगीनंतर तात्याबांनी घरच्या सगळ्यांचा फोटो काढायला मला बोलावले. चांगदेव जावई म्हणून आला होता. अंगणात बाज टाकली, सतरंजी अंथरली. धुरपदा नवे लुगडे नेसून मागच्या रांगेत उभी राहिली. मी कॅमेऱ्यात बघत होतो. तेवढ्यात विहीण बानूबाई मागे वळून म्हणाली, "धुरपे, तू सर तिकडं. लेकुरवाळ्यांचा फोटू हाय ह्यो. तू तुझ्या बापाचा दिवा धर."

खंडूने मान खाली घातली. तात्याबा पागोटे सारखे करू लागले. चांगदेव पोराला मांडीवर घेऊन पुढे बसला होता, सख्खा भाऊ. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "आप्पा, उरका आता. ऊन चढतंय."

धुरपदा रांगेतून निघाली. माझ्या खांद्यावरची पेटी तिने आपल्या खांद्याला घेतली, फ्लॅश वर धरला आणि म्हणाली, "आप्पा, दाबा."

मी दाबले. माझ्या हातून तसा फोटो पुन्हा निघाला नाही. एकूणएक तोंड उजळलेले, बानूबाईच्या नाकातली नथसुद्धा. मोठी प्रत करून दुकानात लावली, तेव्हा भांडगावपासून माणसे येऊन बोट दाखवत, "आमचाबी असाच काढा."

पुढच्या उन्हाळ्यात खंडूने दुसरी केली. धुरपदाला कवठ्याहून एसटीत बसवून दिले, सोबत कोणी नाही.

मी भांडगावला चांगदेवच्या गिरणीत गेलो. सांगितले, गिताला आजच्या आज माहेरी घाल.

तो म्हणाला, "गितानं काय केलंय, आप्पा?"

"धुरपदाने काय केले होते?"

त्याने पिठाचे हात झटकले आणि गिरणी चालू केली. त्या आवाजात पुढचे बोलणे झाले नाही. त्यानंतर माझ्या घराचा उंबरा त्याने ओलांडला नाही, मी ओलांडू दिला नाही. गिता एकदा पोराला घेऊन दारात आली होती, तिला पाणीही विचारले नाही.

कलम तिसरे. माझे प्रेत घरात असेतो गिताने आत येऊ नये. बाहेर उभे राहायचे असल्यास रस्ता सरकारी आहे.

कलम चौथे. तात्याबा दोन वर्षांमागे वारले. त्यांच्या घरची प्रत वाळवीने खाल्ली होती. दुसरा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. बानूबाई दौंडला दुकानात आली. थकली होती. म्हणाली, "इवाई, भिंतीवर लावाया त्येंचं त्वांड तेवढं मोठं करून द्या. नातवंडं इचारत्यात."

मी निगेटिव्ह काढली, उजेडाला धरून तिला दाखवली. मग तिच्यासमोर ब्लेडने तात्याबांचे तोंड कापून काढले. ती पाया पडत होती. मी म्हणालो, "लेकुरवाळ्यांचा फोटो आहे बाई तो. मेलेल्या माणसाचे त्यात काय काम?" भिंतीवरची प्रत काढून तीही चुलीत घातली. बानूबाई दुकानाच्या पायरीवर बसून रडली. मला बरे वाटले. आजही वाटते.

धुरपदा आतून सारे बघत होती. सासऱ्यांना ती आबा म्हणे. म्हणाली, "आबांनी मला कवा वाकडं बोललं न्हवतं."

मी म्हणालो, "गप्प बसले होते ना?"

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. बोलो न बोलो.

ती भोक पडलेली निगेटिव्ह चांगदेवच्या मुलास, तो वयात आल्यावर, द्यावी. त्याच्या बापाच्या मांडीवर तो स्वतः आहे, ते त्याला ओळखता येईल. बाकीचे लोकांनी सांगावे.

कलम पाचवे. माझी मयत पत्नी अनसाबाई हिचा एकच फोटो आहे. तो चांगदेव लहानपणापासून मागत आला आहे. त्याने या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली, तर धुरपदाने तो त्यास द्यावा. न केल्यास जाळावा. बाप भ्रमिष्ट होता, असे उद्या त्याला म्हणता येऊ नये, म्हणून ही अट.

सहीपूर्वीचा मजकूर. आज निरोप पाठवून चांगदेवला बोलावले. तो दुकानात उभा राहिला. बसला नाही. शेजारचे सायकलवाले गेणबा यांच्यासमोर मी वरील सर्व कलमे वाचली, एक शब्द गाळला नाही. गिताच्या कलमाला त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. पाचवे कलम झाल्यावर त्याने पेन मागितले.

मी म्हणालो, "आईचा फोटो पाहिजे ना?"

तो म्हणाला, "आईचा फोटू धुरपीनं मला कवाच दिलाय. आमच्या देव्हाऱ्यात हाय. ती म्हैन्याला येती भांडगावला, गिताच्या हातचं जेवती. तुमालाच ठावं न्हाई. घर तिचंच हाय, कुठं सही करू सांगा."

मी धुरपदाकडे पाहिले. ती कॅमेऱ्यात रोल भरत होती, तिने मान वर केली नाही.

गेणबा म्हणाले, "हौसराव, आता ते तिसरं कलम तरी खोडा."

एकही कलम खोडलेले नाही. समजून उमजून सही करतो.

स्थळ : दौंड
दिनांक : ९ डिसेंबर १९७७

हौसराव म्हस्कू टेंगले

आमच्यासमक्ष सही केली :
१. गेणबा, सायकल दुकानदार, दौंड
२. चांगदेव हौसराव टेंगले, भांडगाव. नाते : मुलगा