अर्जदिवाण धामणगावात आले, त्याची हकिकत

धामणगाव बढे, तालुका मलकापूर
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप सत्यभामाआक्का हिचे सेवेशी,

धाकटा भाऊ शांतवन याचा तुला सलाम आणि दाजींना वेगळा सलाम. प्रभूच्या कृपेने इकडे मी आणि अन्नपूर्णा दोघे सुखरूप आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं काय, ते लिही. मागच्या पत्रात तू निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतेस असं लिहिलं होतंस. अन्नपूर्णेचं म्हणणं, शेक चालू ठेवा पण चुलीपुढे उकिडवं बसणं बंद करा. (हे तिने तीनदा बजावून सांगितलं, म्हणून लिहितो. तू ऐकणार नाहीस हे तिला ठाऊक आहे.) दाजींच्या शाळेचं नवं छप्पर झालं का, तेही कळव.

आक्का, हे पत्र मी सकाळपासून लिहायला घेतो आहे. चार ओळी झाल्या की उठतो, वेशीपर्यंत जाऊन येतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. आई म्हणायची, याचं नाव शांतवन ठेवलं आणि घरातली शांतता गेली. पण या वेळी कारणही तसंच आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

नाताळ झाल्यावर तुमच्या नागपूरहून बिशपसाहेबांच्या कचेरीचं पत्र आलं. मजकूर असा की, वऱ्हाडातल्या मिशनच्या लहान ठाण्यांवर काम किती आणि माणसं किती याची पाहणी करायची आहे, एखादं ठाणं बंद करावं लागेल, आणि त्यासाठी आर्चडीकन व्हिटकोमसाहेब स्वतः येत आहेत. आता आमचं ठाणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. प्रार्थनेची एक खोली, तीच शाळेची खोली, मंडळीत तीन घरं मिळून चौदा माणसं, आणि व्हरांड्यात दवाखाना. दवाखाना म्हणजे एक कपाट, क्विनाईनच्या पुड्या, डोळ्यांत घालायचं औषध, आणि अन्नपूर्णा. मी दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवतो, त्यात खोटं काही लिहीत नाही. पण 'गावकऱ्यांचा मिशनवर फार लोभ आहे' हे एक वाक्य सहा वर्षं लिहीत आलो होतो, आणि आता तो लोभ बघायला माणूस येणार होता. (लोभ आहे, पण तो कपाटावर आणि अन्नपूर्णेवर. माझ्या प्रवचनाला लोक येतात ते तिचा हात मोकळा होईपर्यंत.)

त्या दिवसापासून मी जागेवर बसलेलो नाही. भिंतींना चुना दिला. मुलांकडून गीतं घोकून घेतली. साहेबांना बसायला काय द्यावं, हा प्रश्न आला. हातांची खुर्ची गावात एकच, पंजाबराव पाटलाची. ती मागायला गेलो आणि तिथेच घात झाला. पाटील म्हणाले, "खुर्ची न्या. पन मास्तर, कोन येऊन राह्यलं म्हंता?"

मी म्हटलं, आर्चडीकन साहेब.

"अर्जदिवान?"

मी म्हटलं तसं नव्हे, हा धर्माचा हुद्दा आहे, बिशपसाहेबांच्या खालचा आणि आम्हा सगळ्यांच्या वरचा. पाटलांनी विचार केला. "म्हंजे दिवानच ना. लाटसाहेबाच्या खालचा अन् तुमच्या वरचा. अन् ते अर्ज घेतेत." मी पुन्हा समजावलं. जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. मी लपवतो आहे, म्हणजे नक्कीच मोठा माणूस असणार, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी मोताळ्याचे अर्जनवीस फकीर मोहम्मद आपली दौत, बोरू आणि सतरंजी घेऊन आले आणि आमच्याच फाटकासमोरच्या निंबाखाली बसले. मी त्यांना जाऊन सांगितलं की मियाँ, येणारे साहेब सरकारी नाहीत. ते फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, मास्तरसाहब, मी मजकूर लिहितो, वाचणारा कोण हे मी कधी विचारलेलं नाही.

अन्नपूर्णेला मी म्हटलं, काहीतरी कर. ती पुड्या बांधत होती. ती म्हणाली, लोक येतायत ना? तुम्हाला लोकच हवे होते.

मागच्या बुधवारी साहेब मलकापूरला आगगाडीतून उतरले आणि बैलांच्या दमणीत बसून आले. मी सकाळपासून वेशीवर तीन खेपा केल्या, त्यामुळे ते खरोखर आले तेव्हा मी घरी पाणी पीत होतो. धावत बाहेर आलो तर अंगणात दीडशे माणूस हात जोडून उभं. साहेब उंच, पिकल्या दाढीचे, अंगावर धुळीचा थर. त्यांनी टोपी काढली आणि त्या गर्दीकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. ते मला म्हणाले, शांतवन, तू अहवालात लिहिलंस ते खरं आहे. आक्का, त्या क्षणी मी बोललो असतो तर सगळं तिथेच निभावलं असतं. मी बोललो नाही. मी खुर्ची पुसली.

साहेबांचं मराठी पुस्तकातलं. 'आपण सर्व कुशल आहात काय' असं ते विचारतात आणि आपल्या लोकांची बोली त्यांना कळत नाही. म्हणून दुभाष्या मी. पहिले पाटील पुढे आले (खुर्ची त्यांची, म्हणून मान त्यांचा). ते म्हणाले, "साहेब, जंगलवाल्यानं आमच्या गाईले चराई बंद केली. आता गाई जातीन कुठी?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की, भुकेल्या कळपाला कुरण कुठे मिळेल असं हे विचारतात. साहेब खूष झाले आणि मेंढरं, मेंढपाळ आणि हिरवी कुरणं यांवर बराच वेळ बोलले. पाटलांनी मागे वळून लोकांना सांगितलं की मेंढराले मोकळीक झाली, गाईचं अजून ठरलं नाही. मग रुखमाबाई आली. तिच्या आळीची विहीर आटली आहे, ती खोल करून पाहिजे. मी सांगितलं, ही जिवंत पाण्यासाठी तहानलेली आहे. साहेब त्यावरही सुंदर बोलले. त्यांचं झाल्यावर रुखमाबाईने मला विचारलं, "बोलले ते समदं बरं हाय, पन किती हात खोदून देतेत?"

मग कागद आले. एकेक जण यायचा, वाकायचा, साहेबांच्या मांडीवर कागद ठेवायचा. साहेबांनी विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, विनंत्या. म्हणाले, प्रार्थना? मी म्हटलं, प्रार्थनाच म्हणायच्या. (तूच सांग, यात खोटं किती?) त्यांनी तो गठ्ठा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, सुटलो. आता जेवण, मग गीतं, आणि दमणी मलकापूरच्या वाटेला.

तेवढ्यात चांदबी उठली. चांदबी म्हणजे इथली सुईण, सत्तरीची असेल. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, आमच्या, सगळ्यांच्या घरी बाळंतपणाला तीच जाते, आणि गेली दोन वर्षं तिचा हात धरून अन्नपूर्णाही जाते. तिच्याजवळ कागद नव्हता. ती चाचपडत पुढे आली आणि खुर्चीचा हात धरून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, या गावची दोन पिढी माह्या हातावर पैदा झाली. आता माह्या आँखीले दिसत नाही. गेल्या सालात चार बाया गेल्या. मूल आडवं आलं का मले समजते, पन करता येत नाही, अन् या पोरीले कोनं शिकोलं नाही. हिले न्या. जिथं डाक्टरनी शिकोते तिथं हिले शिकवा, अन् मंग आमची आमाले वापस द्या. माहा एवढाच अर्ज हाय."

चारांतली एक पाटलांची सून होती, दसऱ्याच्या सुमाराला गेलेली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आक्का, मला सगळं कळलं होतं. साहेबांना सांगितलं तर ते तिला नेणार, हेही कळलं होतं. माझ्या तोंडून निघालं, ही म्हणते की मिशनचं औषध फार गुणकारी आहे.

मागून अन्नपूर्णेचा आवाज आला. ती व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती, हाताला पुड्यांची पांढरी भुकटी तशीच. तिने अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सुटा करून, साहेबांना सांगितलं की चांदबी असं म्हणाली नाही. मग चांदबी काय म्हणाली ते सांगितलं, एक शब्द न गाळता. चार बाया मोजून सांगितल्या, नावानिशी. आणि तेवढ्यावर न थांबता गाईंचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, त्यांच्या हातातला गठ्ठा हा प्रार्थनांचा नसून जंगलखातं आणि बांधांचे तंटे यांचा आहे, हेही सांगून टाकलं. मी कुठे बघावं हे न कळून खुर्चीच्या पायाकडे बघत होतो. पाटील उठले. त्यांनी साहेबांच्या हातातल्या गठ्ठ्यातून आपला कागद शोधून काढून घेतला आणि म्हणाले, "साहेब, माहा राहू द्या. बुढीचा घ्या." त्यांच्यामागून आणखी दोघा-तिघांनी कागद परत घेतले.

साहेबांनी उरलेले कागद सारखे करून मांडीवर ठेवले. मला वाटलं, ठाणं गेलं, आणि माझी नोकरीही त्याच्याबरोबर. मग त्यांनी पाटलांना बोलावून तो कागद परत मागून घेतला. म्हणाले, मी दिवाण नाही, माझ्या हातात कुणाची चराई नाही. पण मला पुढे बुलढाण्याला जायचंच आहे, हे कागद मी जिल्ह्याच्या डिप्टीसाहेबांच्या हातात नेऊन देईन, एवढं मला करता येईल. हे ते त्यांच्या पुस्तकी मराठीतच बोलले आणि या वेळी दुभाष्याशिवाय सगळ्यांना कळलं. मग मला म्हणाले, शांतवन, तीन घरांसाठी हे ठाणं ठेवायचं का, हे बघायला मला धाडलं होतं. तीन घरांसाठी ठेवता आलं नसतं. आता ठेवतो. तुझ्या बायकोला नागपूरला आपल्या मिशनच्या दवाखान्यात सहा महिने सुईणपण शिकायला पाठवायचं. तुझी संमती आहे का?

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. मुलांनी गीतं म्हटली, मध्येच एक कडवं विसरली. साहेब भाकर आणि वांग्याचं भरीत जेवले, अन्नपूर्णेशी औषधांच्या कपाटापुढे अर्धा तास बोलले आणि उन्हं उतरायच्या आत निघाले. खुर्ची पाटील स्वतः घेऊन गेले.

तर असं झालं. ठाणं राहिलं, हा मोठाच उपकार. माझं सर्व ठीक आहे, काळजी नसावी. अन्नपूर्णा लुगड्यांच्या घड्या घालते, चांदबी दारात बसून तिला मी ऐकू नये अशा गोष्टी समजावते, आणि मी मधून मधून वेशीपर्यंत जाऊन येतो. तिथे माझं काही काम नसतं. दाजींना सलाम, मुलांना आशीर्वाद, आणि उलट टपाली दोन ओळी लिहिणे.

तुझा भाऊ,
शांतवन

ता. क. अन्नपूर्णा शुक्रवारी मलकापूरहून निघते, शनिवारी नागपूर स्टेशनावर पोहोचेल. दाजींनी जातीने उतरवून घ्यावं. तिला आगगाडीची सवय नाही. ती तसं म्हणणार नाही.

ता. क. दुसरा. आक्का, हे पत्र खरं तर यासाठी लिहिलं. तुझी नागपूरच्या दवाखान्यातल्या मिससाहेबांशी ओळख आहे. त्यांना सहज बोलता बोलता सांगशील का, की ही मुळातच हुशार आहे, निम्मं तिला येतंच, तेव्हा सहाचे तीन महिने पुरतील. माझं नाव घेऊ नकोस. अन्नपूर्णेच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नकोस. मला भात शिजवता येतो, प्रश्न तो नाही.

ता. क. तिसरा, अन्नपूर्णेकडून. आक्कांना सलाम. पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि आपण वेशीकडे गेले, म्हणून वाचलं. बाकी सगळं खरं लिहिलं आहे, दोन गोष्टी सोडून. शिक्षण सहा महिन्यांचं नाही, एक वर्षाचं आहे. साहेबांनी दोघांसमोर सांगितलं, पण हे तेव्हापासून सहाच म्हणतात आणि मीही दुरुस्त केलेलं नाही. दुसरं, संमतीच्या वेळी काय बोलले ते आठवत नाही असं लिहिलंय. आठवतं त्यांना. ते म्हणाले, "साहेब, पाटलाच्या सुनेच्या वेळी मी दाराबाहेर उभा होतो, सगळं ऐकत होतो. हिला येत असतं तर ती पोर वाचली असती. हिला न्या." आणि मग खुर्चीला धरून उभे राहिले. सगळ्या गावाने ऐकलं.

मिससाहेबांना काही सांगू नका. यांना मात्र लिहा, की सांगितलं.